झोपाळ्याखालची जमीन

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बागेतल्या झोपाळ्याची साखळी नेमकी कुठे झिजते? फळीवर बसून हातात धरून पाहिली तर ती धडधाकट वाटते. मधल्या कड्यांवर थोडा गंज असतो, तो कुणालाही दिसतो. खरी झीज असते वर, आडव्या पाइपाला पहिली कडी अडकवलेली असते तिथे. प्रत्येक झोक्याला लोखंड लोखंडावर घासतं आणि कडीच्या आतल्या अंगाला खाच पडत जाते. ही खाच खालून दिसत नाही. ती पाहायची तर शिडी लावून वर चढावं लागतं, साखळी हाताने उचलून तिच्यावरचा ताण काढावा लागतो आणि कडी फिरवून आतून पाहावी लागते. एका झोपाळ्याला दहा मिनिटं पुरतात.

आज मला या दहा मिनिटांचा इतिहास सांगायचा आहे. मुलांसाठी बागा कोणी उभारल्या, यावर थोडंफार लिहिलं गेलेलं आहे. पण त्या बागांमधली खेळणी ठरावीक दिवसांनी तपासायची असतात, हे मोठ्या माणसांच्या लक्षात कधी आणि कसं आलं, ही हकिगत फारशी कुणी सांगत नाही. माझी नोकरी स्थापत्य अभियंत्याची. त्यातली काही वर्षं उद्यानांच्या कामात गेली आणि तेव्हापासून हा विषय माझ्यामागे लागला आहे.

सुरुवात एका वाळूच्या ढिगापासून होते. १८८५ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात, नॉर्थ एंड या गरीब वस्तीच्या भागात, एका प्रार्थनामंदिराच्या आवारात मुलांना खेळण्यासाठी वाळू आणून टाकण्यात आली. कल्पना डॉ. मारी झाक्रझेव्स्का या डॉक्टर बाईंची. बर्लिनच्या बागांमध्ये मुलं वाळूत खेळताना त्यांनी पाहिली होती आणि तसं आपल्याकडेही करावं, असं पत्राने कळवलं होतं. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांची गोष्ट बहुधा या ढिगापासूनच सांगितली जाते. मला त्यात एक गंमत वाटते. या पहिल्या क्रीडांगणात पडायला उंचीच नव्हती, आणि पडलंच कुणी तर खाली वाळू होती. पुढच्या पन्नास वर्षांत उंची आली आणि वाळू गेली.

उंची आणणाऱ्यांमध्ये एक नाव फार लोभस आहे. चार्ल्स विकस्टीड हे इंग्लंडमधल्या केटरिंग गावचे कारखानदार, हाडाचे यंत्र अभियंते. पहिल्या महायुद्धाच्या आधी त्यांनी गावाबाहेर मोठी जमीन घेतली. मूळ विचार घरं बांधण्याचा होता, पण तिथे हळूहळू सर्वांसाठी खुली बाग आकाराला आली. एकदा रविवारच्या शाळेतली मुलं तिथे सहलीला यायची होती. त्यांच्यासाठी झाडांचे सोट उभे करून, वरची टोकं साखळीने बांधून काही ओबडधोबड झोपाळे तयार केले. सहल संपली की ते काढून टाकायचे होते. पण मुलं त्यांना इतकी चिकटली की काढण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. १९२१ मध्ये बागेचं रीतसर उद्घाटन झालं, पुढच्याच वर्षी तिथे लाकडी फळ्यांची घसरगुंडी आली आणि विकस्टीड यांच्या कारखान्यातून झोपाळे, घसरगुंड्या, गरगर फिरणारी चक्रं दूरदूर जाऊ लागली. हिरवळीवर पाय ठेवू नये असल्या पाट्यांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. मुलींनीही मुलांसारखंच खेळावं, असा त्यांचा आग्रह. १९३१ मध्ये ते गेले. त्यांची बाग आजही आहे.

विकस्टीड यांची खेळणी भक्कम होती. यंत्रं बनवणाऱ्या माणसाने बनवलेली, त्यामुळे धारवा, जोड, साखळ्या सगळं जाडजूड. खेळणं मोडता कामा नये, हा त्या काळचा सुरक्षिततेचा अर्थ. मूल मोडता कामा नये हा पुढचा अर्थ निघायला आणखी अर्धशतक जावं लागलं.

त्याच सुमारास अमेरिकेत सेबॅस्टियन हिंटन नावाच्या पेटंट वकिलाने जंगल जिम शोधून काढला. आडव्या-उभ्या दांड्यांचा तो पिंजरा आपल्याकडच्या जुन्या शाळांमध्येही अनेकांनी पाहिला असेल. त्यांचे वडील गणितज्ञ होते. मुलांना चौथी मिती समजावी म्हणून जपानमध्ये असताना त्यांनी बांबूचा चौकटींचा सांगाडा बांधला होता. मुलांनी चौथी मिती बाजूला ठेवली आणि सांगाड्यावर माकडांसारखा धुमाकूळ घातला. मुलाला ती आठवण राहिली आणि १९२३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. गणिताच्या तासातून निघालेलं इतकं लोकप्रिय दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

इथपर्यंत गोष्ट आनंदाची आहे. मग डांबर आलं.

न्यूयॉर्कचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी १९३४ ते १९६० या काळात शहरात साडेसहाशेहून अधिक क्रीडांगणं उभारली. आकडा थक्क करणारा आहे आणि गर्दीच्या वस्तीतल्या लाखो मुलांना त्यांनी जागा मिळवून दिली, हे मान्यच केलं पाहिजे. पण त्या जागा साधारण एका साच्याच्या होत्या: भोवती कुंपण, आत लोखंडी झोपाळे-घसरगुंड्या आणि खाली डांबर. डांबराचे फायदे कुठल्याही पालिकेच्या माणसाला लगेच पटतात. चिखल होत नाही, झाडायला सोपं, वाळूसारखं वरचेवर भरावं लागत नाही, मांजरं घाण करत नाहीत. मीही त्याच जातीचा असल्यामुळे त्या निर्णयामागची मानसिकता चांगली ओळखतो. देखभाल कमी करणारी वस्तू कागदावर नेहमी स्वस्त दिसते. मुलं मात्र त्या डांबरावर डोक्यावर पडत होती आणि त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

हा हिशेब मांडला गेला तो १९७० च्या दशकात. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग नेमण्यात आला. निवडक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात कुठल्या वस्तूमुळे कोण जखमी होऊन आलं, याची पद्धतशीर नोंद त्याच्याकडे जमू लागली. तोपर्यंत पडलेलं मूल ही त्या-त्या घरची गोष्ट होती. आई म्हणायची, धडपड्याच आहे. शाळा म्हणायची, मस्ती करत होता. आता सगळ्या धडपड्यांची बेरीज एका ठिकाणी दिसू लागली. नंतरच्या काळातला त्या आयोगाचा आकडा असा की, तिथे वर्षाला दोन लाखांहून अधिक मुलं क्रीडांगणातल्या खेळण्यांमुळे झालेल्या दुखापतींवर उपचारांसाठी तातडीच्या विभागात येतात. आणि ही मुलं जखमी होतात कशी? बहुसंख्य पडून, आणि तेही खालच्या जमिनीवर.

खेळणं मोडून नव्हे, हे इथे महत्त्वाचं.

थिओडोरा ब्रिग्ज स्वीनी या ओहायो राज्यातल्या बाईंनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. १९७४ मध्ये क्रीडांगणांसाठी सक्तीची मानकं करा, अशी मागणी करणारे अर्ज आयोगाकडे गेले, त्या अर्जदारांत त्या होत्या. १९७९ मध्ये त्यांनी बालरोगतज्ज्ञांच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात लेख लिहून, प्रौढांसाठीच्या चित्रपटांना देतात तसं प्रमाणपत्र या क्रीडांगणांना द्यायचं का, असा बोचरा सवाल शीर्षकातच टाकला. आयोगाने अखेर १९८१ मध्ये पुस्तिका काढली. मात्र ती मार्गदर्शक सूचनांची, सक्ती नव्हे. अनेक राज्यांनी आणि न्यायालयांनी पुढे तिचाच आधार घेतला.

त्या पुस्तिकेच्या आधी एक प्रयोग झाला होता, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत निरनिराळ्या जमिनींवर डोक्याच्या आकाराचं वजन वरून सोडून धक्का मोजण्यात आला. पुढे मोटारींच्या अपघातचाचण्यांसाठी तयार झालेला डोक्याच्या इजेचा निकषही बागेत आणला गेला. पद्धत साधी आहे. धक्का मोजणारं उपकरण बसवलेलं धातूचं डोकं थोड्या-थोड्या वाढत्या उंचीवरून जमिनीवर टाकत जायचं. निकषाचा आकडा १००० च्या वर गेला की थांबायचं. ती उंची म्हणजे त्या जमिनीची मर्यादा. खेळण्याची उंची जमिनीच्या मर्यादेपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे घसरगुंडी किती उंच करायची, हे ठरवायला आधी खाली पाहायचं.

या मोजणीतून आलेले काही आकडे सांगतो. अमेरिकी पुस्तिकेनुसार ९ इंच वाळूचा थर ४ फुटांवरून पडण्याला पुरतो. तेवढाच बारीक गोलसर खडीचा थर ५ फुटांना, आणि लाकडाच्या ढलप्यांचा १० फुटांना. लाकडाच्या ढलप्या वाळूला इतक्या मागे टाकतात, हे वाचून मी स्वतः चकित झालो होतो. हिरवळ आणि साधी माती यांना त्या पुस्तिकेत संरक्षक जमीन मानलेलंच नाही. मुलांच्या पायांखाली गवत टिकत नाही आणि उन्हाने माती विटेसारखी होते. आपल्या मे महिन्यातली माती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. काँक्रीट आणि डांबर तर बादच.

जमिनीनंतर फटींकडे लक्ष गेलं. हा भाग ऐकताना पालकांच्या अंगावर काटा येतो, पण तो समजून घेण्यासारखा आहे. कठड्याच्या दोन गजांमधली फट साडेतीन इंचांहून कमी असेल तर लहान मुलाचं अंग तिच्यातून जात नाही. ९ इंचांहून जास्त असेल तर डोक्यासकट सगळं मूल बाहेर पडतं. धोका आहे तो मधल्या मापांत. मूल पाय पुढे टाकून आत सरकतं, पाय जातात, धड जातं आणि डोकं अडकतं. पाय अधांतरी असतील तर मूल गळ्यावर लटकतं. म्हणून तपासणीच्या पेटीत दोन साचे असतात, एक साधारण ८९ मिलिमीटर रुंदीचा धडाचा आणि दुसरा २३० मिलिमीटर व्यासाचा डोक्याचा. लहान साचा आत गेला तर मोठाही गेला पाहिजे. बोटांसाठी ८ आणि २५ मिलिमीटरचे दांडके असतात, आणि घसरगुंडीच्या माथ्यासाठी साखळीला बांधलेली एक गुंडी. जाकिटाच्या टोपीची दोरी घसरगुंडीच्या वरच्या फटीत अडकून मूल खाली सरकल्याने मृत्यू झाले होते, त्यानंतर ही गुंडी आली. आपल्याकडे जाकीट नसेल, ओढणी असते.

युरोपात आधी देशोदेशींची वेगवेगळी मानकं होती. ब्रिटनचं १९७९ चं होतं. १९९८ मध्ये सर्वांसाठी एक समाईक युरोपीय मानक आलं आणि त्याच्या एका भागात फक्त उभारणी, तपासणी आणि देखभाल हाच विषय आहे. त्यात तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली डोळ्यांनी पाहायची, वर्दळीच्या बागेत अगदी रोजची: फुटक्या काचा, तुटलेला भाग, उघडा पडलेला पाया. दुसरी एक ते तीन महिन्यांनी, हात लावून, हलवून: झीज, सैल नट-बोल्ट, डगमग. तिसरी वर्षातून एकदा, जाणकार माणसाकडून: पाया, गंज, कुजलेलं लाकूड, दुरुस्ती करताना नकळत झालेले बदल. एकाच खांबावर उभ्या असलेल्या खेळण्यांकडे विशेष लक्ष द्यावं, असं त्यात बजावलेलं आहे. खांब गेला की सगळंच गेलं. आणि प्रत्येक फेरीची लेखी नोंद.

या शेवटच्या अटीवरून मला आमच्याकडचे एक मुकादम आठवतात. हातात बांबूची काठी घेऊन ते आठवड्यातून एकदा बागेत फिरायचे आणि प्रत्येक खेळण्याच्या पाइपावर, जमिनीला लागून, काठी ठोकायचे. पाइप गंजतो तो तिथेच, काँक्रीटमधून वर येतो तिथे पाणी साचतं. आवाज खणखणीत आला तर पुढे जायचं, भद्द आला तर खडूने फुली मारायची. मला एकदा म्हणाले, “साहेब, रंग नवा दिसला की मी जरा जास्तच जोरात ठोकतो.” युरोपीय मानकातल्या तीनपैकी दोन पायऱ्या हा गृहस्थ कुणी न सांगता पार पाडत होता. फक्त त्याची नोंद कुठेच नव्हती, नोकरीच्या कामांच्या यादीतही नव्हती. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर फेरीही निवृत्त झाली.

आणखी एक प्रसंग, दुसऱ्या एका गावातला. घसरगुंडीच्या शिडीवरून एक मुलगी पडली. कोपराजवळ हाड मोडलं, डोक्याला खोक पडली. सुदैवाने बरी झाली. चौकशीचा छापील तक्ता माझ्या पाहण्यात आला. घसरगुंडीचा पत्रा, कठडे, पायऱ्या, वेल्डिंग, रंग असे सगळे रकाने होते आणि सगळीकडे ‘समाधानकारक’ लिहिलेलं होतं. ते खोटंही नव्हतं, घसरगुंडी खरोखरच ठणठणीत होती. खाली मात्र, चिखल होऊ नये म्हणून, कोबा केलेला होता. तक्त्यात जमिनीचा रकानाच नव्हता. मुलीची आजी त्या कारकुनाला विचारत होती, “दादा, मग लागलं कशाचं?” या प्रश्नाला तक्त्यात जागा नव्हती.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं म्हटलं आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने खेळण्यांच्या दर्जाबाबत आदेश काढला आणि १ जानेवारी २०२१ पासून तो लागू झाला; घरगुती वापराचे छोटे झोपाळे आणि घसरगुंड्यादेखील त्या मानकांच्या कक्षेत आल्या. पण सार्वजनिक बागेतला झोपाळा घरगुती नाही. घरातला झोपाळा एक-दोन मुलं वापरतात, बागेतला दिवसाला शंभर, आणि रात्री त्यावर मोठी माणसंही बसतात. आता तर शेजारी ओपन जिम असतो. युरोपातलं त्याबाबतचं मानक १.४ मीटरहून उंच माणसांसाठी आहे. आपल्याकडे संध्याकाळी त्याच्यावर सहा-सात वर्षांची मुलं लोंबकळत असतात, कारण हलणारी प्रत्येक वस्तू मुलांना खेळणंच वाटते आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. डेन्मार्कमध्ये, जर्मन सैन्याच्या ताब्यात देश असताना, १९४३ मध्ये एम्ड्रुप इथे सोरेन्सन या उद्यान-वास्तुकाराच्या कल्पनेतून एक भंगाराचं क्रीडांगण उभं राहिलं. जुन्या फळ्या, विटा, दोऱ्या, हातोड्या. मुलांनी हवं ते बांधावं. १९४६ मध्ये इंग्लंडच्या लेडी ॲलन यांनी ते पाहिलं आणि ही कल्पना लंडनच्या बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर नेली. हाड मोडलं तर जुळतं, मुलाची उमेद मोडली तर जुळत नाही, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. मानकं आली तशी उंच आणि मजेदार खेळणी बागांमधून उचलली गेली, मुलं कंटाळली, ही तक्रार पाश्चात्त्य देशांत १९९० नंतर वाढत गेली. ब्रिटनमध्ये प्राध्यापक डेव्हिड बॉल यांनी २००२ मध्ये सरकारच्या आरोग्य व सुरक्षा खात्यासाठी अहवाल लिहिला. महागड्या रबरी जमिनींचा प्रत्यक्ष लाभ किती, याबद्दल त्यात त्यांनी शंका घेतली आणि खेळाचे फायदेही तागडीत टाकायला सांगितले. २०१२ मध्ये त्या खात्यानेच जाहीर केलं की, मुलांच्या खेळातला सगळा धोका काढून टाकणं हे ध्येय नव्हे.

मला या वादात दोन्ही बाजू एकमेकींच्या विरोधात वाटत नाहीत. घसरगुंडी उंच आहे, हे मुलाला दिसतं. ते वर जातं, खाली पाहतं, घाबरतं, एखादे दिवशी उतरून परत येतं आणि आठवड्याने सरकतं. हा धोका त्याचा आहे, तो त्याच्याकडून काढून घेऊ नये. कडीच्या आतली खाच मात्र त्याला दिसत नाही. काँक्रीटमध्ये गंजलेला पाइप दिसत नाही, साडेतीन आणि नऊ इंचांचं गणित त्याला माहीत नसतं आणि वाळूचा थर चार बोटं उरला आहे हे त्याच्या लक्षात येणं शक्य नाही. तपासणी या दुसऱ्या यादीसाठी असते. रबरी गाद्यांचे पैसे नसलेल्या गावालाही ती परवडते, कारण तिला लागते शिडी, टेप, काठी, वही आणि एका माणसाची अर्धी सकाळ.

वाळूबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. झोपाळ्याखालची वाळू मुलांच्याच पायांनी उडते आणि नेमकी जिथे हवी तिथे खळगा पडतो. म्हणून खांबांवर वाळूच्या ठरलेल्या पातळीची रेघ रंगवून ठेवतात. रेघेखाली खांब उघडा दिसला की वाळू भरायची. हे माळीसुद्धा येता-जाता पाहू शकतो. आपल्याकडच्या पावसात वाळू वाहून जाते, उरलेली घट्ट बसते आणि पाइपांच्या बुडाशी सगळ्यात जास्त गंज चढतो तोही याच चार महिन्यांत. त्यामुळे वर्षाची मोठी तपासणी आपल्या हवेत ऑक्टोबरात व्हावी, दिवाळीच्या सुट्टीत मुलं बागेत यायच्या आधी, असं माझं मत आहे. एप्रिलमध्ये दुसरी, तेव्हा पत्र्याच्या घसरगुंडीवर दुपारी दोन वाजता हात ठेवून पाहावा.